बावीस मिनिटं मॅकडेव्हिडची, अडतीस मिनिटं बाकीच्यांची

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्या वाचकांनाही संदर्भ लागेल. तुमचा मुलगा पुण्यात आणि भाचा शिकायला टोरंटोत. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर दोघांचा एकच वाद. भाच्याच्या मते एडमंटन ऑइलर्सचा कॉनर मॅकडेव्हिड हा आजचा जगातला सर्वांत मोठा आइस हॉकीपटू. मुलगा विचारतो, मग २०२४ आणि २०२५ अशा लागोपाठ दोन स्टॅन्ली कप (म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या NHL लीगचं विजेतेपद) अंतिम मालिका फ्लोरिडा पँथर्सकडून तो हरला कसा? आणि २०२४ मध्ये हरूनही सर्वोत्तम खेळाडूची कॉन स्माइथ ट्रॉफी त्यालाच का? त्यावर भाचा चिडून म्हणतो, फ्लोरिडात राज्याचा आयकर नाही, तिथे चांगले खेळाडू स्वस्तात मिळतात, म्हणून ते जिंकतात. यात खरं किती, असं तुम्ही विचारलंत.

मी मूळची कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाचा फुटबॉल सामना झाला की पेठेत रात्री उशिरापर्यंत वाद चालायचे, ते ऐकतच मी वाढले. लग्नानंतर एडमंटनला आले. मुलगा गोलकीपर झाला. त्याला पहाटे रिंकवर सोडता सोडता मीही स्केटिंग शिकले आणि गेली सोळा वर्षं इथल्या मुलामुलींच्या संघांना शिकवते. म्हणजे मी ऑइलर्सच्याच गावातली, हे आधी सांगून टाकते. २४ जून २०२४ ला सातवा सामना संपला तेव्हा आमच्याकडे बाहेर अजून लख्ख ऊन होतं. जूनमध्ये इथे रात्री दहापर्यंत सूर्य मावळत नाही. त्या उन्हात नारंगी जर्सी घातलेली माणसं आपापल्या दारात नुसती उभी होती, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. ती संध्याकाळ मी विसरलेले नाही.

तरीही माझं मत स्पष्ट आहे. २०२४ मध्ये ट्रॉफी योग्य खेळाडूला मिळाली आणि कपही योग्य संघाला मिळाला. मुलाला आणि भाच्याला या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात वाटतात, कारण दोघंही हॉकीकडे क्रिकेटच्या चष्म्यातून बघतायत.

क्रिकेटमध्ये चांगला फलंदाज बाद होईपर्यंत खेळपट्टीवर राहू शकतो. सामना त्याच्या हातात राहतो. आइस हॉकीत तसं नाही. सामना साठ मिनिटांचा, वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. एका वेळी बर्फावर गोलकीपर धरून सहा जण. त्यातले पाच जण जीव तोडून चाळीस-पंचेचाळीस सेकंद पळतात आणि बेंचवर परततात, त्यांच्या जागी दुसरे पाच उडी मारून आत येतात. याला शिफ्ट म्हणतात. मिनिटाच्या वर शिफ्ट लांबली की मांड्यांत गोळे येतात, पाय जड होतात, आणि पक, म्हणजे चेंडूऐवजी वापरतात ती रबरी चकती, नेमका त्याच वेळी आपल्या गोलसमोर येतो. मी मुलांना पहिल्या आठवड्यात हेच शिकवते, आणि हेच शिकायला त्यांना सर्वांत जास्त वेळ लागतो. मॅकडेव्हिडसारख्या खेळाडूला प्रशिक्षक जास्तीत जास्त खेळवतो, तरी साठातली बावीस ते चोवीस मिनिटंच तो बर्फावर असतो. उरलेली छत्तीस-अडतीस मिनिटं तो बेंचवर बसून पाणी पीत असतो. त्या मिनिटांत काय होतं, यावर मालिका ठरते.

आता ट्रॉफीकडे. मुलाची पहिली चूक इथे आहे, आणि ती समजण्यासारखी आहे. कॉन स्माइथ ट्रॉफी अंतिम मालिकेतल्या सर्वोत्तम खेळाडूला देत नाहीत. ती सगळ्या प्लेऑफमधल्या सर्वोत्तम खेळाडूला देतात. प्लेऑफ म्हणजे सोळा संघ, चार फेऱ्या, प्रत्येक फेरीत सातपैकी चार सामने जिंकायचे. कप उचलायला सोळा विजय लागतात, एप्रिलच्या मध्यापासून जूनपर्यंत खेळत राहावं लागतं. मत देतात ते हॉकीचं वार्तांकन करणारे पत्रकार. १९६५ पासून ही ट्रॉफी आहे, आणि त्यात मॅकडेव्हिडच्या आधी हरलेल्या संघातल्या फक्त पाच जणांना ती मिळाली होती. त्यातले चार गोलकीपर: रॉजर क्रोझियर, ग्लेन हॉल, रॉन हेक्स्टॉल, जाँ-सेबास्टियाँ जिगेर. गोलकीपर नसलेला एकटा फिलाडेल्फियाचा रेजी लीच, तोही १९७६ सालचा. म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षांनी असं घडलं. पत्रकारांनी हे सहज केलेलं नाही.

का केलं? त्या प्लेऑफमध्ये मॅकडेव्हिडने २५ सामन्यांत ४२ गुण मिळवले. हॉकीत गोल करणाऱ्याला एक गुण आणि त्या गोलला पास देणाऱ्या जास्तीत जास्त दोघांना एकेक गुण मिळतो, त्याला असिस्ट म्हणतात. त्याच्या ४२ पैकी ८ गोल आणि ३४ असिस्ट. एका प्लेऑफमध्ये ३१ असिस्टचा विक्रम वेन ग्रेट्झकीने १९८८ मध्ये केला होता, याच एडमंटनच्या जर्सीत. तो छत्तीस वर्षांनी मोडला. फ्लोरिडाकडून सर्वाधिक गुण कर्णधार अलेक्झांडर बार्कोव्ह आणि मॅथ्यू टकाचक यांचे, २२. बेचाळीस आणि बावीस. एवढा फरक असताना मत दुसऱ्या कुणाला देणार?

तुमच्या मुलाने दाखवलेला खड्डा मात्र खराच आहे. सहाव्या आणि सातव्या सामन्यात मॅकडेव्हिडच्या नावावर एकही गुण नाही. अंतिम मालिकेतले त्याचे ११ गुण आले ते मधल्या सामन्यांत. ती मालिका नीट सांगितल्याशिवाय हा मुद्दा सुटणार नाही.

पहिले तीन सामने फ्लोरिडाने जिंकले: ३-०, ४-१, ४-३. पहिल्या सामन्यात त्यांचा गोलकीपर सर्गेई बोब्रोव्स्कीने ३२ शॉट अडवले. एडमंटनचा पॉवर प्ले, म्हणजे समोरचा एक खेळाडू शिक्षेच्या बाकावर असताना मिळणारी पाच विरुद्ध चार अशी संधी, तिन्ही सामन्यांत कोरडा गेला. ०-३ वरून अंतिम मालिका जिंकणारा संघ इतिहासात एकच, १९४२ सालचा टोरंटो मेपल लीफ्स. आमच्याकडे लोकांनी मनातून कप सोडून दिला होता. आणि मग चौथा सामना ८-१. एडमंटनचा पहिला गोल कसा आला बघा: आपला माणूस शिक्षेच्या बाकावर, चार विरुद्ध पाच अशी उलटी परिस्थिती, आणि त्यात कॉनर ब्राउनने पक घेऊन धाव काढली, मातियास यानमार्कने गोल केला. दोघंही संघातले साधे, कमी पगाराचे खेळाडू. मॅकडेव्हिडचे त्या दिवशी चार गुण, पण दार उघडलं ते यानमार्क आणि ब्राउनने. बोब्रोव्स्कीने १६ शॉटवर पाच गोल खाल्ले आणि त्याला बाहेर काढावं लागलं.

पाचवा सामना फ्लोरिडाच्या घरी, सनराइजला. तिथेही मॅकडेव्हिडचे चार गुण, दोन गोल आणि दोन असिस्ट. अंतिम मालिकेत लागोपाठ दोन सामन्यांत चार-चार गुण त्याआधी कुणीच मिळवले नव्हते. त्यातला कोरी पेरीला दिलेला पास मी मुलांना आजही दाखवते. मॅकडेव्हिड पूर्ण वेगात बचावपटूंच्या मधून वाट काढतो, सगळे त्याच्याकडे वळतात, गोलकीपरसुद्धा. तो स्वतः शॉट मारेल असं सगळ्यांना वाटत असताना पक सरकतो तो गोलच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या पेरीकडे. पेरी तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा, त्याला फक्त काठी पुढे करायची होती. मुलं वेगाकडे बघतात. मी त्यांना सांगते, त्याची मान बघा. पास देण्याच्या किती आधी त्याने पेरीला बघून ठेवलंय ते बघा.

सहावा सामना एडमंटनला, ५-१. मॅकडेव्हिडचा गुण शून्य, आणि तरी संघ चार गोलांनी जिंकला. मुलाला हा सामना मॅकडेव्हिडच्या विरोधातला पुरावा वाटतो. बेंचमागे उभं राहणाऱ्या माणसाला त्यात दुसरं काही दिसतं. फ्लोरिडाने आपला सगळ्यात भक्कम बचाव त्याच्यावर खर्च केला: बार्कोव्हची लाईन, म्हणजे एकत्र उतरणारे तीन फॉरवर्ड, आणि मागे बचावपटू गुस्ताव्ह फोर्सलिंग. त्यामुळे फोएगल, हेन्रिक, हायमन यांना जागा मिळाली आणि गोल त्यांनी केले. फळ्यावर शून्य दिसणारा खेळाडू अशा वेळी दोन-तीन जणांना आपल्यामागे ओढून नेत असतो. हे काम आकड्यांत उतरत नाही, म्हणून वादातही येत नाही.

बार्कोव्हबद्दल थोडं सांगते. तो फिनलंडचा, २०१३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नव्या तरुण खेळाडूंची आळीपाळीने निवड करतात त्यात, दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला, आणि तेव्हापासून फ्लोरिडातच. बचाव करणाऱ्या सर्वोत्तम फॉरवर्डला मिळणारी सेल्की ट्रॉफी त्याला २०२१, २०२४ आणि २०२५ अशी तीनदा मिळाली. उंच, लांब हातांचा, कधीही घाई न करणारा. मॅकडेव्हिडच्या वेगाशी शर्यत लावायची नाही, त्याला वेग पकडूच द्यायचा नाही, हे त्याचं तंत्र. मॅकडेव्हिड आपल्या भागात पक घ्यायला वळतो त्याच क्षणी बार्कोव्हची काठी त्याच्या वाटेत आडवी असते. मधली पट्टी ओलांडताना मॅकडेव्हिडच्या अंगात जितका वेग कमी, तितका तो सामान्य होतो. अर्थात सामान्य म्हणजे त्याच्या मानाने. २०२४ ला माझ्याकडे मत असतं तर पहिलं मॅकडेव्हिडला आणि दुसरं बार्कोव्हला दिलं असतं. बोब्रोव्स्कीला मानणारे पुष्कळ आहेत. पहिल्या तीन सामन्यांत त्याने फक्त चार गोल दिले आणि सातव्यात २४ पैकी २३ शॉट अडवले, हे खरं. पण मधल्या तीन सामन्यांत त्याचं दार उघडं राहिलं होतं.

इथे एक नियम कळला पाहिजे, जो टीव्हीवर कुणी सांगत बसत नाही. खेळ थांबला की पाहुण्या संघाला आपले पाच खेळाडू आधी ठरवावे लागतात, यजमान प्रशिक्षक ते बघून आपले पाठवतो. शेवटचा बदल त्याच्या हातात. म्हणून सातवा सामना घरी असणं म्हणजे फक्त प्रेक्षकांचा आवाज नव्हे. फ्लोरिडाचा प्रशिक्षक पॉल मॉरिस त्या रात्री प्रत्येक फेसऑफला, म्हणजे पक टाकून खेळ पुन्हा सुरू करताना, मॅकडेव्हिड कुठे आहे ते बघून बार्कोव्हला पाठवू शकत होता. एवढ्या एका गोष्टीने सगळं ठरतं असं म्हणणार नाही. पाचवा सामनाही फ्लोरिडातच झाला आणि तिथे मॅकडेव्हिडने चार गुण घेतले. शिवाय खेळ चालू असताना उडत्या बदलात कोण कुणासमोर येईल यावर कुणाचाच पूर्ण ताबा नसतो. पण सातव्या सामन्यासारख्या २-१ च्या लढतीत दर वेळी थोडी-थोडी मिळणारी मदतही मोठी असते.

सातव्या सामन्यात कार्टर वेरहागीने सुरुवातीलाच गोल केला, दोनच मिनिटांत यानमार्कने बरोबरी साधली, आणि दुसऱ्या भागात सॅम राइनहार्टने विजयी गोल केला. त्याच मोसमात नियमित सामन्यांत ५७ गोल करणारा हा राइनहार्ट. दुसरीकडे आमचा लिऑन द्राइसाइटल, जगातल्या पहिल्या पाचांत सहज बसणारा जर्मन खेळाडू, त्या सबंध अंतिम मालिकेत एकही गोल करू शकला नाही. तीन असिस्ट, बस. तो दुखापती घेऊन खेळत होता. दुसरा तारा विझलेला असताना अडतीस मिनिटांचा भार कुणावर पडला असेल, ते बघा.

मॅकडेव्हिड ट्रॉफी घ्यायला बर्फावर आला नाही, यावरून त्याला बरंच बोललं गेलं. आमच्या उन्हाळी शिबिरातल्या एका अकरा वर्षांच्या गोलकीपरने मला विचारलं, “यायला नको होतं का त्याने?” मी त्याला म्हटलं, त्या क्षणी तो बर्फ फ्लोरिडाचा होता. तीन वर्षांच्या धडपडीनंतर त्यांची पोरं, बायका, आईबाप आत यायच्या तयारीत होते. हरलेल्या कर्णधाराने मधोमध येऊन फोटो काढून घ्यायला हवा होता, असं मला वाटत नाही. आपल्या हरलेल्या सहकाऱ्यांबरोबर तो आत राहिला, हे मला पटतं.

तुमच्या मुलाला २३ मार्च २००३ माहीत असेल, निदान तुमच्याकडून ऐकून. जोहान्सबर्गला सचिन पहिल्याच षटकात चार धावांवर मॅकग्राकडे झेल देऊन परतला. त्या स्पर्धेत त्याच्या ६७३ धावा होत्या. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला, आणि ते बक्षीस घेताना त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. पुढे आठ वर्षं “कप कुठे आहे?” हा प्रश्न त्याच्या मागे होता. २०११ ला वानखेडेवर तो सुटला. त्या रात्री सचिनच्या १८ धावा होत्या. सामना जिंकून दिला गंभीरच्या ९७ आणि धोनीच्या नाबाद ९१ धावांनी. २००३ चा सचिन २०११ च्या सचिनपेक्षा कमी होता का? मुलाला एवढंच विचारा.

आता २०२५. तेच दोन संघ, आणि माझ्या मते या वेळचा निकाल अधिक स्वच्छ होता. फ्लोरिडाने सहा सामन्यांत मालिका संपवली. सुरुवात मात्र चुरशीची. पहिल्या सामन्यात ओव्हरटाइममध्ये द्राइसाइटलचा गोल, दुसऱ्यात दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये ब्रॅड मार्शंडचा. चौथ्या सामन्यात एडमंटन ०-३ ने मागे पडून ५-४ ने जिंकलं, पुन्हा ओव्हरटाइम, पुन्हा द्राइसाइटल. एका प्लेऑफमध्ये ओव्हरटाइमचे चार गोल हा त्याचा विक्रम. पण तिसरा सामना ६-१, पाचवा ५-२ आणि सहावा ५-१ असे फ्लोरिडाने जिंकले. एडमंटन जिंकलं ते दोन्ही वेळा काठावर, ओव्हरटाइममध्ये. फ्लोरिडाचे चारपैकी तीन विजय दणदणीत होते.

त्या प्लेऑफमध्ये मॅकडेव्हिड आणि द्राइसाइटल दोघांचे प्रत्येकी ३३ गुण. फ्लोरिडात कुणीच त्या आकड्याच्या जवळ नव्हतं. मात्र त्यांच्याकडे वीस गुणांच्या आसपास पोचलेल्या खेळाडूंची रांगच होती. त्यांची तिसरी लाईन, मार्शंडबरोबर लुंडेल आणि लुओस्तारिनेन, दुसऱ्या कुठल्याही संघात पहिली लाईन म्हणून चालली असती. मार्शंड तेव्हा सदतीस वर्षांचा, मार्चमध्येच बॉस्टनहून आलेला, आणि अंतिम मालिकेत त्याचे सहा गोल. बार्कोव्ह मॅकडेव्हिडसमोर उभा राहतो, टकाचक आणि सॅम बेनेट दुसऱ्या लाईनला भिडतात, आणि एवढं सगळं आवरून दमलेल्या बचावपटूंवर मार्शंड चालून येतो. अडतीस मिनिटं म्हणजे हेच.

आणि एडमंटनकडे झॅक हायमन नव्हता. २०२४ च्या प्लेऑफमध्ये सर्वाधिक १६ गोल त्याचे, मॅकडेव्हिडचे पास गोलमध्ये ढकलणारा तोच. २०२५ ला डॅलसविरुद्धच्या फेरीत त्याचं मनगट गेलं. गोलकीपरचंही तसंच: स्टुअर्ट स्किनरला तिसऱ्या आणि चौथ्या दोन्ही सामन्यांत बाहेर काढलं, पाचव्याला केल्विन पिकार्ड, सहाव्याला परत स्किनर. गोलकीपरची आई म्हणून सांगते, त्या जागेवरची ही अनिश्चितता सगळ्या संघाच्या पायांत उतरते. बचावपटू मागे वळून बघायला लागतात, पक पुढे काढायला अर्धा सेकंद उशीर होतो, आणि फ्लोरिडा त्या अर्ध्या सेकंदावरच जगत होतं. पक कोपऱ्यात टाकायचा, दोघांनी धडक मारत जायचं, तिसऱ्याने वर थांबून सुटलेला पास पकडायचा. याला फोरचेक म्हणतात. दिसायला अजिबात देखणा नाही. मी माझ्या संघाला दोन मोसम तो शिकवतेय, अजून नीट जमत नाही, कारण तिघांपैकी एकाने जरी आळस केला तरी मागे सगळं मैदान मोकळं पडतं. फ्लोरिडाचे बाराही फॉरवर्ड तो सलग दोन महिने करत राहिले.

त्या वर्षीची कॉन स्माइथ बेनेटला मिळाली. १५ गोल, त्यातले १३ परक्या रिंकवर, जो विक्रम आहे. मार्शंडला द्यायला हवी होती असं म्हणणारे अनेक जण मला भेटतात, आणि सहाव्या सामन्यात राइनहार्टने चार गोल केल्यावर त्याचंही नाव निघालं. राइनहार्टच्या चारपैकी शेवटचे दोन गोल, एडमंटनने जादा खेळाडू उतरवायला गोलकीपर काढून घेतल्यावर रिकाम्या जाळीत गेलेले होते. माझं मत बेनेटला. जिंकणाऱ्या संघात तीन-चार नावांवर वाद होऊ शकतो, यातच तो संघ कसा होता ते कळतं.

आता भाच्याचा मुद्दा. फ्लोरिडात राज्याचा आयकर नाही, हे खरं. तेवढ्याच पगारात खेळाडूच्या हातात जास्त पैसे पडतात, हेही खरं, आणि करार करताना त्याचा उपयोग होतोच. पण पँथर्स १९९३ पासून फ्लोरिडात आहेत आणि आयकर तेव्हाही नव्हता. १९९६ ला ते अंतिम फेरीत पोचले, कोलोरॅडोकडून ४-० हरले. त्याच मोसमात एका खेळाडूने ड्रेसिंग रूममध्ये उंदीर मारला, आणि तेव्हापासून त्यांचे प्रेक्षक बर्फावर प्लॅस्टिकचे उंदीर फेकतात. त्यानंतर थेट २०२२ पर्यंत त्यांना प्लेऑफची एकही फेरी जिंकता आली नाही. सव्वीस वर्षं! कर तोच होता, ऊन तेच होतं.

बदललं काय ते बघायचं तर २०२० नंतर पँथर्सचे जनरल मॅनेजर बिल झिटो यांनी केलेली जमवाजमव बघा. वेरहागीला टँपाने सोडून दिलं होतं, तो घेतला. फोर्सलिंगला कॅरोलायनाने वेव्हरवर टाकलं, म्हणजे कुणीही उचलून न्या, असं सांगितलं, तो उचलला. बेनेट कॅल्गरीत मागे पडला होता. राइनहार्ट बफेलोत वर्षानुवर्षं हरत होता. २०२२ च्या जुलैत टकाचकसाठी मात्र त्यांनी ह्युबर्डोसारखा लाडका खेळाडू देऊन टाकला, आणि तेव्हा फ्लोरिडातच लोक त्यांच्यावर रागावले होते. दुसऱ्यांना नको असलेल्या माणसांत काय आहे हे ओळखणं, मला यातलं सगळ्यात अवघड काम वाटतं. एडमंटनला २०१० ते २०१५ या सहा वर्षांत चार वेळा ड्राफ्टमध्ये पहिला क्रमांक मिळाला. तरी ती अडतीस मिनिटं भरायला आम्हाला पुढे दशक लागलं.

एका तक्रारीत मात्र भाच्याला वजन आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत टकाचक जखमी झाला. त्याला दीर्घकालीन जखमींच्या यादीत टाकल्यामुळे पगारमर्यादेत, म्हणजे संघाच्या एकूण पगारावर लीगने घातलेल्या मर्यादेत, जागा झाली, संघाने नवे खेळाडू आणले, आणि प्लेऑफच्या पहिल्याच सामन्याला टकाचक परत हजर. प्लेऑफमध्ये पगारमर्यादा लागूच नव्हती. नियमाबाहेर काही झालं नाही. टँपाने २०२१ ला कुचेरोव्हच्या बाबतीत हेच केलं होतं. पण नियमच चुकीचा होता, आणि लीगने २०२५-२६ पासून प्लेऑफलाही मर्यादा लावली. योग्य केलं.

मॅकडेव्हिडचं पुढे काय, हेही तुम्ही विचारलंत. ग्रेट्झकीचा एडमंटन संघ १९८३ च्या अंतिम मालिकेत न्यूयॉर्क आयलंडर्सकडून ४-० हरला आणि पुढच्याच वर्षी जिंकला. १९८८ ला ग्रेट्झकी लॉस एंजेलिसला गेला. १९९० ला एडमंटनने त्याच्याशिवाय पाचवा कप जिंकला, तेव्हा कॉन स्माइथ गोलकीपर बिल रॅनफर्डला मिळाली. वॉशिंग्टनच्या अलेक्झांडर ओव्हेचकिनला पहिला कप २०१८ मध्ये मिळाला, बत्तिसाव्या वर्षी. १९९३ ला माँट्रियलने जिंकल्यानंतर २०२५ पर्यंत तरी कॅनडातल्या कुठल्याच संघाला कप मिळालेला नव्हता, त्यामुळे इथे प्रत्येक पराभवाला देशाच्या दुःखाचा रंग चढतो. तो ताण त्याच्या खांद्यावर आहेच. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये त्याने एडमंटनशी फक्त दोन वर्षांचा नवा करार केला, वर्षाला सव्वा कोटी डॉलर, जुन्याच पगारावर. त्याच सुमारास मिनेसोटाच्या कप्रिझोव्हने वर्षाला एक कोटी सत्तर लाखांचा करार केला होता. मॅकडेव्हिडने मागितले असते तर त्याहून जास्त मिळाले असते. ते पैसे त्याने बेंचवरच्या इतरांसाठी मोकळे ठेवले, आणि करार दोनच वर्षांचा ठेवून संघालाही मुदत दिली. कप का नाही, याचं उत्तर त्याला आपल्या सगळ्यांपेक्षा आधी कळलंय, असं मी यावरून समजते.

पुढच्या रविवारी दोघांना एक काम द्या. २०२४ चा सातवा सामना लावा. पहिला भाग दोघांनी ९७ नंबर बघत काढायचा, म्हणजे मॅकडेव्हिड. दुसरा भाग फक्त १६ नंबर, म्हणजे बार्कोव्ह. पक कुठे आहे ते बघायचं नाही, १६ नंबर बघायचा. तिसऱ्या भागात ९७ जेव्हा जेव्हा बेंचवर जाईल तेव्हा पक कुणाच्या ताब्यात आहे आणि तो परत उतरतो तेव्हा कुणाच्या, हे वहीत लिहायचं. वही भरली की मला पाठवा. दोघांपैकी कुणाची खूण कुठे चुकली ते मी बघून सांगते.